उंच गाडी आणि चालकाचे कौशल्य

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, शेती, अर्थकारण असे विषय मांडले जातात. मोटारगाडी उलटते कशी, हा विषय त्या पंक्तीत बसत नाही, तो गॅरेजातल्या बाकावर शोभतो, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या एका क्षणात घरातला कर्ता माणूस जातो, त्या क्षणाचा विचार गॅरेजवर सोपवून चालणार नाही. शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड या टापूत उसाचे बिल हाती आले की दारात नवी गाडी उभी राहते, आणि ती बहुधा उंच असते. एसयूव्ही या तीन अक्षरांनी आपण तिला ओळखतो. ही केवळ आपल्याकडची आवड नव्हे. २०२४-२५ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक याच उंच वर्गातल्या होत्या. तेव्हा हा प्रश्न आता मूठभर हौशी लोकांचा राहिलेला नाही.

या गाडीविषयी दोन समजुती रूढ आहेत. पहिली अशी की, उंच आणि दणकट गाडीत बसलेला माणूस सुरक्षित असतो. दुसरी अशी की, गाडी कशीही असो, चालवणाऱ्याचा हात पक्का असला म्हणजे झाले. या दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे, म्हणूनच त्या अधिक धोक्याच्या आहेत. निखळ असत्य लवकर उघडे पडते. अर्धसत्य मात्र पिढ्यान्‌पिढ्या नांदते.

प्रथम पहिल्या समजुतीकडे वळू. जड गाडी आणि हलकी गाडी समोरासमोर धडकल्या तर जड गाडीतल्या माणसाला इजा कमी होण्याचा संभव असतो, हे खरे आहे. पण अपघात म्हणजे केवळ टक्कर नव्हे. गाडी कलंडणे हा अपघाताचा एक निराळाच प्रकार आहे. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की शंभर अपघातांत गाडी उलटण्याचे प्रसंग जेमतेम दोनतीन असतात. परंतु मोटारीत बसलेल्या ज्या माणसांचे प्राण जातात, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश माणसे या दोनतीन प्रसंगांतच जातात. संख्येने थोडा, पण परिणामाने भयंकर, असा हा अपघात आहे. आणि त्याचा उंच गाडीशी जवळचा संबंध आहे.

तो संबंध समजण्यास मोठे गणित नको. घरातली काड्याची पेटी घ्या. ती आडवी ठेवून एका कडेने उचला. बरीच उचलली तरी ती सोडताच परत जागेवर बसते. आता तीच पेटी उभी करा आणि बोटाने किंचित कलती करा. ती आडवी होते. पेटीचे वजन बदलले नाही, बदलली ती तिची बैठक आणि उंची. कडब्याची गाडी भरणाऱ्या जुन्या गड्याला हे शाळेत न जाता ठाऊक होते. पेंढ्या फार उंच रचल्या की ओढ्याच्या उतारावर गाडी कलते, हे त्याला माहीत होते. म्हणून तो भार रुंद रचायचा, दोराने आवळायचा आणि उतारावर बैलांच्या पुढे स्वतः चालायचा.

शास्त्रज्ञ याच अनुभवाला आकड्याचे रूप देतात. गाडीच्या उजव्या व डाव्या चाकांमधील अंतराचा अर्धा भाग घ्यावयाचा, आणि त्याला गुरुत्वमध्याच्या जमिनीपासूनच्या उंचीने भागावयाचे. गुरुत्वमध्य म्हणजे जेथे गाडीचे सारे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू. येणारा आकडा जितका मोठा, तितकी गाडीची बैठक पक्की. साध्या बुटक्या मोटारीत हा आकडा साधारणतः १.३ ते १.५ असतो, उंच गाड्यांत १.० ते १.३. अमेरिकेत २००१ पासून या आकड्याच्या आधाराने गाड्यांना उलटण्याच्या धोक्याविषयी तारे दिले जाऊ लागले. लक्षात घ्या, या भागाकारात चालकाचे नाव कोठेही येत नाही. चालक विसाव्या वर्षाचा असो वा पन्नाशीचा, नवशिका असो वा मुरलेला, आकडा तोच राहतो.

येथे एक शंका उद्भवते. हा आकडा इतका निर्णायक असेल, तर उंच गाडी प्रत्येक वळणावर का उलटत नाही? याचे उत्तर टायरांत आहे. वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूस रेटणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. पन्नास मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किलोमीटरने घेतले, तर हा आडवा जोर गाडीच्या वजनाच्या सुमारे पाव भागाइतका असतो. तेच वळण ताशी ८० ने घेऊ गेल्यास वेग दुप्पट झाला, पण जोर चौपट झाला; म्हणजे जवळजवळ गाडीच्या संपूर्ण वजनाइतका. कोरड्या डांबरावर टायर साधारणतः वजनाच्या आठ दशांशापर्यंतच पकड धरू शकतो. त्यामुळे सपाट डांबरावर बहुतेक गाड्या उलटण्याआधी घसरू लागतात. घसरणे वाईटच; पण ते उलटण्यापेक्षा बरे.

संकट येते ते घसरणारे चाक कशाला तरी अडकले म्हणजे. मोकळ्या रस्त्यावर एकट्यानेच उलटणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे ९५ टक्के गाड्या अशा अडखळूनच उलटतात. कोठे दुभाजकाची कड असते, कोठे खड्ड्याचा काठ, कोठे मऊ माती. महाभारतातला कर्ण धनुर्विद्येत कोणाला हार जाणारा नव्हता, आणि शल्यासारखा सारथी त्याच्या रथावर होता. पण भूमीने चाक गिळले तेव्हा बाणाची विद्याही कामी आली नाही आणि सारथ्याचीही. कथेचे तात्पर्य धर्मशास्त्री काहीही सांगोत. मोटार चालवणाऱ्याने त्यातून मातीचा धडा अवश्य घ्यावा.

आपल्या टापूत हा धडा विशेष लागू पडतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी जमीन उसाला वरदान आहे, रस्त्याला मात्र शाप. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि बाजूची साइडपट्टी खाली जाते. डांबर व माती यांमध्ये चारसहा बोटांची पायरी तयार होते. आता असा प्रसंग कल्पा. गळिताच्या हंगामातली रात्र आहे. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालला आहे आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही. उंच गाडी ताशी ८० ने येते. ट्रॉली अकस्मात डोळ्यांपुढे उभी राहते. चालक घाईने स्टिअरिंग डावीकडे फिरवतो, डावी चाके पायरीवरून मातीत उतरतात. गाडी हिसका खाते. चालक घाबरून स्टिअरिंग जोराने उजवीकडे ओढतो. चाक पायरीला घासते, मग एकदम वर चढते, आणि गाडी उजवीकडे झेपावते. तिला सावरण्यासाठी पुन्हा डावीकडे हिसका दिला जातो. या तिसऱ्या हिसक्याला गाडी आडवी होते, चाके मातीत रुततात आणि ती कलंडते. हे सारे घडण्यास तीनचार सेकंद पुरतात.

अशा वेळी काय करावे, हे सांगणे अवघड नाही. चाक साइडपट्टीवर उतरले तर स्टिअरिंग सरळ व घट्ट धरावे, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, गाडी मातीतच चालू द्यावी, आणि वेग पुरता उतरल्यावर सावकाश डांबरावर घ्यावी. समोर अडथळा आला तर स्टिअरिंग फिरवण्यापेक्षा सरळ रेषेत कचकचून ब्रेक दाबावा. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत चाके जाम होऊ न देणारी ब्रेकव्यवस्था सक्तीची आहे, तेव्हा असा ब्रेक दाबण्यास भिण्याचे कारण नाही. पण प्रश्न आहे तो हा, की ऐन क्षणी किती जणांना हे आठवेल?

येथे आपण दुसऱ्या समजुतीपाशी, म्हणजे पक्क्या हातापाशी, येऊन पोहोचतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकन विद्यार्थ्यांना विचारले गेले की, गाडी चालवण्यात तुम्ही सर्वसामान्यांपेक्षा वरचढ आहात काय? शंभरांपैकी ९३ जणांनी होय म्हटले. शंभर माणसांतली ९३ माणसे मधल्या माणसाहून वरचढ कशी असणार? आपल्या चौकात हाच प्रश्न विचारला तर उत्तर फारसे वेगळे येईल असे मानण्याचे कारण नाही.

बरे, ज्यांचे कौशल्य खरोखरच सिद्ध झालेले आहे त्यांचे काय? १९७४ साली अमेरिकेत शर्यतीचा परवाना असलेल्या चालकांच्या सार्वजनिक रस्त्यावरील नोंदी सामान्य चालकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. हात, डोळे आणि धैर्य या तिन्हींत श्रेष्ठ असलेल्या या मंडळींच्या नावावर अपघातही अधिक निघाले आणि नियमभंगही अधिक निघाले. नॉर्वेचा अनुभवही असाच आहे. तेथे १९७९ साली नवशिक्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे करण्यात आले. हेतू उत्तम होता. पुढे परिणाम तपासले तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरील अपघात घटण्याऐवजी वाढलेले आढळले.

याचा अर्थ शिक्षण निरर्थक आहे असा मुळीच नव्हे. अर्थ असा की, माणूस मिळालेले कौशल्य सुरक्षिततेसाठी राखून ठेवत नाही, ते वेगात खर्च करून टाकतो. घसरलेली गाडी सावरता येते असे वाटू लागले की तो घसरण्याच्या जवळून गाडी नेऊ लागतो. पोहता येणारा माणूस डोहात शिरतो, न येणारा काठावरच राहतो.

रात्रीच्या त्या ट्रॉलीचाच हिशेब पुन्हा मांडू. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ८० च्या वेगाने तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर थांबण्यास आणखी सुमारे ३५ मीटर घेते. एकूण झाले ६८ मीटर. दिव्यांचा खालचा झोत मात्र पन्नास मीटरांच्या आसपासच स्पष्ट दाखवतो. ताशी ६० ने जाणाऱ्याला एकूण ४५ मीटर लागतात. म्हणजे ६० ने जाणारा सामान्य चालक ट्रॉलीमागे थांबतो, आणि ८० ने जाणाऱ्या निष्णात चालकाला स्टिअरिंगचा जुगार खेळावा लागतो. खरे कौशल्य कोणाचे म्हणावे? ज्याने संकटात हात चालवला त्याचे, की ज्याने दोन मैल आधी वेग उतरवला त्याचे?

कौशल्याचा काही भाग आता यंत्राने उचलला आहे, हेही सांगितले पाहिजे. १९९७ साली स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाने मर्सिडीजच्या ए-क्लास या लहान पण उंचट गाडीची परीक्षा घेतली. रस्त्यावर हरणासारखे मोठे जनावर आडवे आले तर गाडी चुकवून पुन्हा मार्गावर आणता येते काय, अशी ती परीक्षा. गाडी उलटली. जगभर गवगवा झाला, आणि कंपनीने त्या साऱ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही व्यवस्था बसवली. ही व्यवस्था स्टिअरिंग कोठे वळले आहे आणि गाडी प्रत्यक्ष कोठे चालली आहे यांची सतत तुलना करते, आणि फरक पडू लागताच एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी ताळ्यावर आणते. चार चाकांना निरनिराळा ब्रेक लावणे कोणत्याही निष्णात चालकाला शक्य नाही, कारण त्याच्या पायाखाली ब्रेक एकच असतो. एकट्या गाडीच्या अपघातात उंच गाड्या उलटण्याचे जे प्रसंग येतात, त्यांतले ८४ टक्के या व्यवस्थेमुळे टळतील, असा अमेरिकी खात्याचा २००७ चा अंदाज होता. पुढे २०१२ च्या मॉडेलपासून तेथे ती सक्तीची झाली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या भारत एनकॅप या मूल्यांकनात तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर गाडीत ही व्यवस्था असावी लागते. नवी गाडी घेताना छपराच्या काचेची चौकशी आपण आवर्जून करतो. त्याआधी ही चौकशी करावी. मात्र टायरांची पकडच संपली तर हे यंत्रही हतबल होते, हे विसरू नये.

कारखान्याने दिलेली बैठक आपण आपल्या हातांनी बिघडवतो, तो प्रकार निराळाच. समजा, गाडीचे वजन १८०० किलो आहे, गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटरवर आहे आणि चाकांमधील अर्धे अंतर ७७ सेंटीमीटर आहे. तिचा आकडा आला १.१. आता कोकणात किंवा पंढरपूरला जाताना छपराच्या कॅरिअरवर, जमिनीपासून दोन मीटर उंचीवर, दीडशे किलो सामान बांधले. गुरुत्वमध्य ७० वरून ७८ नव्हे, चांगला ८० सेंटीमीटरवर गेला आणि आकडा एकाच्या खाली, ०.९६ वर, उतरला. गाडी तीच, चालक तोच; पण आंबा घाटात किंवा गगनबावड्याच्या उतारावर ती आता वेगळी गाडी आहे. वडाप जीपच्या टपावर आणि मागच्या पायरीवर माणसे बसवणाऱ्याने हाच गुन्हा जिवंत ओझ्यानिशी केलेला असतो. जड सामान तळाशी ठेवावे, टपावर हलके तेवढेच ठेवावे, हा नियम कडब्याच्या गाडीइतकाच जुना आहे.

टायरांतील हवेकडेही असेच दुर्लक्ष होते. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. फोर्ड एक्स्प्लोरर या उंच गाडीवर बसवलेल्या या टायरांचा वरचा थर उन्हाळ्यात, वेगात आणि कमी हवेवर सुटून येत होता आणि गाड्या उलटत होत्या. २७१ मृत्यू त्याच्याशी जोडले गेले. टायर सदोष होते हे तर खरेच. पण कमी हवेने दोषाला हात दिला आणि उंच बैठकीने साध्या बिघाडाचा मृत्यू केला. पंधरा दिवसांतून एकदा हवा तपासण्यास पाच मिनिटे लागतात.

आपल्या तालुक्याला उलटण्याचे आणखी एक कारण परिचित आहे, ते म्हणजे पुराचे पाणी. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण विसरलेलो नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यातून जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली आणि माणसे वाहून गेली. काहींना वाचवता आले, काहींना नाही. उंच वाहनाला पाणी काय करणार, हा भरवसा येथे घात करतो. चार मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद गाडीच्या तळापासून पाणी दहा सेंटीमीटर वर चढले, की ते सुमारे ६८० किलो वजन उचलून धरते. पंचवीसतीस सेंटीमीटर चढले तर दोन टनांची गाडी होडीसारखी तरंगू लागते. चाके जमिनीवर टेकलेलीच नसतील, तर स्टिअरिंग कोणाच्या हातात आहे याला काय अर्थ? त्यातून आडवा प्रवाह आणि पाण्याखाली लपलेली रस्त्याची कड यांची भर पडली म्हणजे निकाल ठरलेलाच. पाणी ओसरेपर्यंत थांबणे, हेच तेथले एकमेव कौशल्य आहे.

इतके करूनही गाडी उलटलीच, तर शेवटचा आधार पट्ट्याचा. उलटणाऱ्या गाडीत पट्टा न बांधलेला माणूस आतल्या आत आपटतो, नाहीतर खिडकीतून बाहेर फेकला जातो आणि पुष्कळदा स्वतःच्याच गाडीखाली सापडतो. उलटलेल्या गाड्यांत मृत्युमुखी पडणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पट्टा न बांधलेले असतात. पट्टा पुढच्यांसाठी, मागच्यांना त्याची गरज नाही, हा समज तर अगदीच घातक. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी उंच वर्गातली, नामांकित आणि महागडी होती. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे तपासात पुढे आले. ती गाडी उलटली नव्हती, तरी धडा तोच आहे. मागे बसणाऱ्यालाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे आणि न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने बांधावा इतकी ती क्षुल्लक गोष्ट नाही.

श्रोतेहो, हा सारा भार एकट्या चालकावर टाकून मोकळे होणेही न्यायाचे नाही. साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणणे हे रस्ता बांधणाऱ्यांचे काम आहे. ट्रॉलीला रिफ्लेक्टर असल्याखेरीज ती रात्री रस्त्यावर येऊ न देणे, हे वाहनमालकाचे, ऊस उतरवून घेणाऱ्या कारखान्याचे आणि पोलिसांचे काम आहे. चालकाला 'जरा दाब की' असे न म्हणणे, हे मागे बसलेल्या आपणा सर्वांचे काम आहे.

आपल्याकडे चांगल्या चालकाची स्तुती करताना म्हणतात की, त्याने गाडी कशी मरणाच्या दाढेतून काढली. यापुढे ही स्तुती जरा जपून करावी. ज्याच्या गाडीत बसून आपण तीस वर्षे हिंडलो आणि ज्याच्याविषयी सांगण्यासारखा एकही थरारक प्रसंग आपल्यापाशी नाही, तो चालक खरा कुशल. त्याची गोष्ट चौकात रंगत नाही, परंतु त्याच्या घरची माणसे रोज संध्याकाळी एकत्र जेवायला बसतात. गाडी उंच घ्यावी की बुटकी, हा ज्याच्या त्याच्या गरजेचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे. उंच घेतली, तर आपण एक उभी काड्याची पेटी चालवीत आहोत एवढे भान ठेवून वेग, भार, हवा आणि पट्टा या चार गोष्टी सांभाळाव्यात. त्या चारही गोष्टी स्टार्टर मारण्यापूर्वी किंवा संकट दिसण्यापूर्वीच आपल्या हाती असतात. संकट दिसल्यावर हाती उरते ते फार थोडे.